विश्लेषण : तलाव भरलेला हवा की रिकामा? बारामती-इंदापूरचा कालवा, मुसीचा महापूर आणि विश्वेश्वरय्यांचे आयुष्य

दरवर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा होतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणाची आठवण निघते. मात्र या अभियंत्याच्या नोकरीची जवळपास २४ वर्षे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात गेली आणि त्यातला महत्त्वाचा काळ पुणे जिल्ह्यातील कालवे व तलावांवर गेला, हे फारसे सांगितले जात नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील शेताला आज ज्या नीरा डाव्या कालव्याचे पाणी मिळते, त्याच्या वाटपाची घडी त्यांनी बसवली. पुढे हैदराबादच्या महापुरानंतर छोटे मातीचे तलाव साखळीने फुटले तर काय होते, याचा हिशेबही त्यांनीच मांडला. त्यांच्या आयुष्याच्या निमित्ताने छोट्या मातीच्या धरणांचा हा प्रश्न समजून घेऊ.

हा विषय आज का महत्त्वाचा?

बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतील तालुके. वर्षभरात सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथल्या माणसाची पिढ्यान् पिढ्यांची चिंता एकच, तलाव भरणार की नाही. पण गेल्या काही वर्षांत दुसरी चिंता तिच्या शेजारी येऊन बसली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हा नदीला पूर आला आणि बारामतीत नदीकाठच्या हजारो लोकांना हलवावे लागले. ऑक्टोबर २०२० मध्ये परतीच्या पावसाने दोन्ही तालुक्यांत ओढ्या-नाल्यांना पूर आणला. मे २०२५ मध्ये तर पावसाळा सुरू होण्याआधीच अतिवृष्टी झाली, बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटला आणि पाणी शेतांत व घरांत शिरले. वर्षभराचा पाऊस काही दिवसांत, कधी काही तासांत पडू लागला, तर दुष्काळासाठी बांधलेले बंधारे, पाझर तलाव आणि कालव्यांचे मातीचे भराव तो पेलतील का, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला आहे.

विश्वेश्वरय्या पुण्यात कसे आले?

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या गावी १८६१ मध्ये झाला (काही नोंदींत १८६० असे वर्ष आहे). वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे पंडित. विश्वेश्वरय्या लहान असतानाच त्यांचे निधन झाले. घरची परिस्थिती बेताची. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमध्ये शिकताना शिकवण्या करून त्यांनी खर्च भागवला. पदवीनंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, स्थापत्य अभियांत्रिकी शिकायला आले. १८८३ मध्ये अंतिम परीक्षेत ते पहिले आले. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने त्यांना सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून घेतले.

पहिली नेमणूक नाशिकला झाली, त्यानंतर खानदेशात. धुळ्याजवळ दातर्ती येथे पांझरा नदीच्या पात्राखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे काम या तरुण अभियंत्याकडे आले. ऐन पावसाळ्यात नदीला पूर येत होता आणि केलेले काम वाळूने भरून जात होते. पाऊस सरेपर्यंत काम थांबवावे, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना ही चालढकल वाटली आणि त्यांनी नाराजी व्यक्त केली. विश्वेश्वरय्यांनी मग पुराच्या अडचणीतूनच ते काम पूर्ण करून दाखवले. दख्खनच्या नद्या आठ महिने कोरड्या असतात आणि एका रात्रीत रूप पालटतात, याचा पहिला धडा त्यांना नोकरीच्या सुरुवातीलाच मिळाला. पुढे सिंधमधील सक्कर शहराला सिंधू नदीचे गढूळ पाणी गाळून पुरवण्याची योजना त्यांनी १८९५ च्या सुमारास पूर्ण केली. सुरत येथेही त्यांनी काम केले. १८९९ मध्ये ते पाटबंधारे विभागाचे कार्यकारी अभियंता म्हणून पुण्यात आले.

बारामती-इंदापुरात तेव्हा काय होते?

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली होती. लोकांच्या हाताला काम आणि पुढच्या दुष्काळाला आधार, अशा दुहेरी हेतूने सरकारने तलाव आणि कालव्यांची कामे काढली. बारामती भागातील शिर्सुफळ आणि इंदापूर भागातील भादलवाडी हे तलाव त्याच काळातले. आज भादलवाडीचा तलाव चित्रबलाक पक्ष्यांच्या वसाहतीसाठी ओळखला जातो, पण त्याचा मातीचा बांध दुष्काळी कामावरच्या मजुरांच्या घामातून उभा राहिला आहे.

याच काळातले मोठे काम म्हणजे नीरा डावा कालवा. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण, वीर येथे नीरा नदीवर बंधारा आणि तिथून पुरंदर, बारामती, इंदापूर असा जाणारा दीडशे किलोमीटरहून लांब कालवा अशी ही व्यवस्था. १८८५ च्या सुमारास कालव्यातून पाणी सुरू झाले. मात्र व्यवहारात वेगळेच घडू लागले. पाऊस बरा झाला की शेतकरी कालव्याचे पाणी घेत नसत आणि पाऊस हुकला की सगळे एकदम मागत. दुसरीकडे ज्यांना पाणी मिळे ते उसाला बारमाही पाणी देत. वरच्या बाजूची जमीन पाणथळ होऊ लागली, खालच्या बाजूच्या गावांपर्यंत पाणी पोहोचेना आणि कालव्याचा खर्चही निघेना.

ब्लॉक पद्धत म्हणजे काय?

यावर विश्वेश्वरय्यांनी सुचवलेला उपाय पुढे ब्लॉक पद्धत म्हणून ओळखला गेला. सगळा भर एकाच ठिकाणी न देता प्रत्येक गावात चांगल्या जमिनीचे ठरावीक गट पाडायचे आणि काही वर्षांच्या कराराने त्यांना पाण्याची हमी द्यायची. गटातील साधारण एक तृतीयांश क्षेत्रावर ऊस, उरलेल्या भागात कमी पाण्याची आणि हंगामी पिके आणि दर तीन वर्षांनी फेरपालट. यामुळे एकाच जमिनीत सतत पाणी मुरणार नाही आणि तेच पाणी अधिक गावांना पुरेल, असा हिशेब होता. १९०१ मध्ये नेमलेल्या पाटबंधारे आयोगापुढे त्यांनी ही कल्पना मांडली आणि त्यानंतर नीरा कालव्यावर ती लागू झाली. सुरुवातीला शेतकरी साशंक होते, पुण्यात टीकाही झाली. पण हमीच्या पाण्याची गोडी लागली तशी पद्धत रुजली.

माळेगाव आणि भवानीनगरच्या साखर कारखान्यांपर्यंत पोहोचलेला ऊसपट्टा याच कालव्यावर वाढला. पाणथळ व खारवट जमिनीचा प्रश्न मात्र पूर्ण सुटला नाही, तो पुढच्या पिढ्यांनाही भेडसावत राहिला. फेरपालटाचा नियम कागदावर सोपा आणि उसाच्या भावापुढे अवघड होता, हेही तितकेच खरे.

खडकवासल्याची दारे का गाजली?

पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासल्याच्या जलाशयात, म्हणजे तेव्हाच्या लेक फाइफमध्ये, जास्त पाणी साठवण्याची गरज होती. सांडव्यावर पक्की भिंत बांधून पातळी वाढवली असती, तर पुराचे पाणी जायला वाट राहिली नसती आणि धरणच धोक्यात आले असते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारी लोखंडी दारे बसवण्याची रचना केली. एरवी दारे बंद, त्यामुळे सांडव्याच्या पातळीवर सुमारे आठ फूट जादा पाणी साठते. पाणी ठरलेल्या पातळीवर पोहोचले की पाण्याच्याच जोरावर आणि तोलाच्या वजनावर दारे उचलली जातात. पूर ओसरला की ती पुन्हा बंद होतात. मध्यरात्री पूर आला आणि चौकीदार झोपला असला तरी चालेल, अशी ही योजना होती. १९०३ च्या सुमारास ती कामाला लागली. त्यांनी तिचे पेटंट घेतले, पण स्वतः सरकारी कामावर असल्याने त्या कामांसाठी मानधन घेतले नाही. पुढे ग्वाल्हेर आणि म्हैसूर येथेही अशी दारे वापरली गेली.

या दारांमागे पाणीसाठ्याचा एक मूलभूत पेच आहे. दुष्काळाला तोंड द्यायचे तर तलाव काठोकाठ भरलेला हवा. पूर अडवायचा तर तोच तलाव रिकामा हवा. मोठ्या धरणावर दारांनी हा पेच काही अंशी सोडवता येतो. गावच्या छोट्या मातीच्या तलावाला दारे नसतात, असतो तो फक्त उघडा सांडवा. म्हणून त्या तलावाचा जीव सांडव्यात असतो.

हैदराबादेत काय घडले?

वरिष्ठ पदे इंग्रज अधिकाऱ्यांसाठीच राखलेली असल्याने आपण मुख्य अभियंता होणार नाही, हे लक्षात आल्यावर विश्वेश्वरय्यांनी १९०८ च्या सुमारास मुंबई सरकारची नोकरी सोडली. ते युरोपच्या दौऱ्यावर असतानाच निजाम सरकारचे बोलावणे आले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त केले होते आणि हजारो माणसे दगावली होती. पूर का आला आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे, हे त्यांना सांगायचे होते.

त्यांनी पावसाच्या नोंदी जमवल्या. शमशाबादला २४ तासांत जवळपास ३२ सेंटिमीटर पाऊस पडला होता. त्यांच्या पाहणीतला सर्वात बोलका आकडा तलावांचा होता. मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्या खोऱ्यात शहराच्या वर ७८८ तलाव होते, त्यांपैकी २२१ फुटले होते. बहुतेक गावोगावचे, छोटे, मातीच्या बांधाचे. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर येते. तो आधीच भरलेला असतो, त्याचा सांडवा स्वतःच्या पाणलोटासाठी बांधलेला असतो, दुसऱ्या तलावाच्या लोंढ्यासाठी नव्हे. मग तोही फुटतो आणि लोंढा वाढत जातो. पूर रोखतील असे वाटणारे तलाव अशा रीतीने पुरात भर घालतात.

विश्वेश्वरय्यांनी शहराच्या वर दोन मोठे जलाशय सुचवले. पुराच्या वेळी पाणी अडवण्यासाठी त्यांत जागा ठेवायची आणि नदीत पेलेल इतकेच पाणी खाली सोडायचे. मुसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. नदीकाठ बांधून तिथे बागा कराव्यात, असाही त्यांचा आराखडा होता.

मातीचे धरण फुटते कसे?

दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून थोडा वेळ पाणी वाहिले तरी ते सहसा टिकते. मातीच्या धरणाचे तसे नाही. त्याला साधारण चार धोके असतात.

पहिला, माथ्यावरून पाणी जाणे. सांडवा अपुरा असेल, त्यात गाळ, झुडपे किंवा अतिक्रमण असेल, किंवा जास्त पाणी साठावे म्हणून कुणी सांडव्यावर पोती वा दगड रचले असतील, तर पाणी बांधाच्या माथ्यापर्यंत चढते. एकदा का ते मागच्या उतारावर वाहू लागले की माती कापली जाते आणि काही तासांत भगदाड पडते.

दुसरा, आतून पोखरणे. बांधातून थोडा पाझर असणे स्वाभाविक आहे. पाझराचे पाणी स्वच्छ असेल तोवर ठीक. ते गढूळ येऊ लागले तर पाण्याबरोबर बांधाची माती वाहून जात आहे, असा त्याचा अर्थ. पाणी सोडण्याच्या नळाभोवती हा धोका सर्वाधिक असतो. मोठ्या झाडांची मुळे, घुशी आणि खेकड्यांची बिळे या पाण्याला वाट करून देतात.

तिसरा, बांध खचणे किंवा उतार घसरणे. नीट न दाबलेली माती दबत जाते, माथा एका जागी खाली बसतो आणि पाणी नेमके तिथून जाते. माथ्यावर लांबच लांब भेग दिसली किंवा पायथ्याशी माती फुगली, तर ती घसरणीची खूण असते.

चौथा, वरचा तलाव फुटणे. मुसीच्या खोऱ्याने दाखवला तो हाच.

म्हैसूर, आणि पुन्हा दख्खन

१९०९ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, १९१२ मध्ये दिवाण. कावेरीवरील कृष्णराजसागर, म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंड कारखाना अशी कामे त्यांच्या नावाशी जोडली गेली. त्यांच्या काळावर वादही आहेत. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना राखीव जागा देण्याच्या प्रश्नावर त्यांचे महाराजांशी मतभेद झाले आणि १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडले. सामाजिक न्यायाच्या त्या प्रश्नावर इतिहासाने महाराजांच्या बाजूने कौल दिला, असे आज म्हणता येते. १९३८ मध्ये ते मुंबई प्रांताच्या पाटबंधारे चौकशी समितीचे अध्यक्ष म्हणून पुन्हा दख्खनच्या कालव्यांकडे वळले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

पानशेतने काय दाखवले?

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पुण्याच्या वर आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण फुटले. बांधकाम पूर्ण व्हायचे होते, पाणी सोडण्याच्या मार्गाची दारे नीट बसलेली नव्हती आणि तरीही जलाशय भरत गेला. पाण्याच्या मार्गाजवळचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण सकाळी बांध गेला. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि ऐंशीहून अधिक वर्षे उभे असलेले ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

आठ फूट जादा पाणी सुरक्षितपणे साठावे म्हणून ज्या धरणावर विश्वेश्वरय्यांनी दारे बसवली, ते धरण वरच्या धरणाच्या फुटीने गेले. मुसीच्या खोऱ्यात त्यांनी ५२ वर्षांपूर्वी जे मोजले होते, तेच मोठ्या प्रमाणावर पुण्यात घडले. त्या वेळी ते शंभरीच्या घरात होते आणि बंगळूरला राहत होते. १४ एप्रिल १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

मग आज छोट्या धरणांची जबाबदारी कुणाची?

धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये झाला. त्याच्या कक्षेत १५ मीटरहून उंच धरणे येतात. १० ते १५ मीटर उंचीची धरणे लांबी, साठा, पुराचा विसर्ग अशा ठरावीक अटी पूर्ण केल्या तरच येतात. गावोगावचे बहुतेक पाझर तलाव आणि बंधारे या रेषेच्या खाली राहतात. त्यांची मालकी जलसंपदा, मृद व जलसंधारण आणि जिल्हा परिषद अशा वेगवेगळ्या यंत्रणांत विभागलेली आहे. त्यामुळे गळती दिसली तर कळवायचे कुणाला, इथूनच अनेक गावांची अडचण सुरू होते.

त्याची किंमत रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे गावाने मोजली. २ जुलै २०१९ च्या रात्री तिथले मातीचे धरण फुटले आणि २० हून अधिक माणसांचा जीव गेला. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. नंतर खेकड्यांनी धरण पोखरल्याची चर्चा राज्यभर गाजली. खेकडे बिळे करतात हे खरेच, पण ती बिळे वेळेत शोधून बुजवणे हे माणसाचे काम असते.

गावाने काय पाहावे?

पावसाळ्यापूर्वी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर बांधावरून एक फेरी मारली तरी बरेच कळते. सांडवा मोकळा आहे का, त्यावर कुणी अडथळा रचला आहे का. माथा कुठे बसला आहे का. पाण्याच्या बाजूचे दगडी अस्तर निखळले आहे का. बांधावर बाभळी वा मोठी झाडे वाढली आहेत का. मागच्या बाजूला पाझर किती आहे आणि तो स्वच्छ आहे की गढूळ. पाणी गढूळ असेल, पाझर अचानक वाढला असेल किंवा माथ्यावर भेग असेल, तर तलाठी, ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयाला लगेच कळवावे. खालच्या वस्तीला आधी उंचावर हलवावे, बांध वाचवण्याची धडपड नंतर करावी. आणि आपल्या तलावाच्या वर कोणते तलाव आहेत, त्यांची अवस्था काय आहे, हेही माहीत असावे.

भादलवाडी आणि शिर्सुफळच्या बांधांनी जवळपास दीडशे पावसाळे पाहिले आहेत. ते टिकले ते त्या काळच्या मजुरांच्या कष्टांवर आणि पुढच्या देखभालीवर. विश्वेश्वरय्यांचे काम पांझरेच्या वाळूपासून मुसीच्या महापुरापर्यंत पाण्याच्या मोजमापावर उभे होते. अभियंता दिनाला प्रतिमेला हार घालतानाच गावच्या तलावाचा सांडवा मोजला आणि मोकळा केला, तर ते त्या परंपरेला धरूनच होईल. सप्टेंबर सरतो आणि परतीचा पाऊस येतो, तेव्हा बारामती-इंदापुरात तलाव भरलेलेच असतात.